चार नंबरचा डोळा

दहापैकी दहा मार्क मला पडले, आणि त्यातली एक गोष्ट मी बगितलीच नव्हती. सगळा घोळ तिथनं.

नीट सांगते. नाय तर राजेशदादा सांगतो तसं कायतरी तुमच्या कानावर यायचं.

खालापूरच्या पुढं, खोपोलीच्या अंगाला आमची कंपनी हाय. आमची म्हंजे आईची. मी चार दिवसांची नवी. पत्र्याच्या पट्ट्या येतात, प्रेसखाली जातात, वाकून भोकं पडून बाहेर येतात, आणि पुढं कुठल्यातरी गाडीच्या सीटखाली बसतात. आई चार नंबरच्या प्रेसवर सहा वर्षं हाय. डाव्या हातानं पट्टी आत ठेवायची, पायानं पेडल दाबायचं, धाडकन वरचा डाय, म्हंजे लोखंडी साचा, खाली येतो, उजव्या हातानं माल काढायचा. ठेव, दाब, काढ. दिवसाला हजार-बाराशे वेळा तिचे हात त्या जबड्यात जातात आणि परत येतात.

परत येतात ते डोळ्यामुळं. जबड्याच्या दोन बाजूंना दोन काळे खांब हायत, हातभर उंच. एकातनं दुसऱ्यात उजेड जातो, आपल्याला न दिसणारा. हात मध्ये असला की उजेड अडतो, मग पेडलवर नाचलात तरी प्रेस हलत नाय. त्याला मोठं इंग्लिश नाव हाय, पण बाया डोळाच बोलतात. डोळा बसायच्या आधी दोन नंबरवरच्या अंबाबाईची दोन बोटं गेली. ती आता गेटवर झाडू मारते आणि चहाचा कप तीन बोटांत धरते. आईच्या हाताकडं बगून मला लहानपणापासनं तोच कप दिसतो.

तर मी दहावीत शाळा सोडली, दोन वर्षं घरी सगळ्यांशी भांडले, आणि अठरा पुरी झाल्यावर आई बोलली, "चल माझ्यासंगं, तिथं तरी भांड." पण एकदम मशीनवर घेत नाय. आधी ट्रेनिंग.

ट्रेनिंगला निवेदिता मॅडम. कर्जतच्या हायत, स्कूटीवरनं येतात, शुद्ध बोलतात आणि हेल्मेट काढलं तरी केस विस्कटत नायत, हे मला अजून समजलेलं नाय. तीन दिवस त्यांनी वरच्या खोलीत बसवून पडद्यावर फोटो दाखवले. यात धोका कुठाय? त्यात धोका कुठाय? आमी आठ जण नवे होतो, सहा पोरी दोन पोरं. मला पटापट दिसायचं. बाजूला लोधिवलीची आवडी बसायची, तिला काय दिसायचं नाय, ती माझं बगून हात वर करायची.

मग मधे दोन दिवस कंपनी बंद. खंडेनवमीला सकाळी मशीनींची पूजा झाली, झेंडू, हळदकुंकू, नारळ, पेढे. दुसऱ्या दिवशी दसरा. आणि तिसऱ्या दिवशी, शेड चालू झाली त्याच सकाळी, मॅडमनी आमची परीक्षा ठेवली.

परीक्षा म्हंजे खेळच. मॅडमनी शेडमध्ये दहा ठिकाणी मुद्दाम चुका करून ठेवल्या होत्या. आमी फिरायचं आणि शोधायच्या.

"फक्त कागदावर लिहायचं," मॅडम बोलल्या. "हात लावायचा नाही, सरळ करायचं नाही, एकमेकांना सांगायचं नाही. आणि आवडी, ऋतिकाच्या मागे मागे फिरायचं नाही."

"मी कुठं फिरते मॅडम? तीच माझ्या पुढं पुढं चालते."

शेडमधल्या जुन्या लोकांनाबी मॅडमनी ताकीद दिली होती. आज काय वेगळं दिसलं तर तसंच राहू दे, ते पोरांसाठी ठेवलंय. साडेदहाला अर्ध्या तासासाठी सगळ्या प्रेस बंद केल्या आणि आमाला आत सोडलं.

आत गेल्यावर माझं डोकंच फिरलं. फोटोमध्ये एक चूक असते. शेडमध्ये जिकडं बगाल तिकडं कायतरी वाकडं. गॅसच्या सिलिंडरला साखळी नाय, लिहिलं. शिडीची एक पायरी दोरीनं बांधलेली, लिहिलं. आग विझवायच्या लाल नळकांड्यापुढं गोण्यांची थप्पी. लिहिलं, आणि पुढं गेले तर पंख्याला जाळी नाय. आता ही मॅडमनी काढली का कधी नव्हतीच? बाजूला एक काका उभा होता.

"काका, ही जाळी सकाळी होती का?"

"जाळी?" तो वर बगत बोलला. "पंख्याला जाळी असते?"

मी जाऊन मॅडमनाच इचारलं. "मॅडम, ही चूक तुमची का कंपनीची?"

मॅडम हसल्या. "ते तू ठरव."

मी काय ठरवणार? मला राग यायला लागला. खोटी चूक शोधायची आणि खरी सोडायची, का खरी शोधायची आणि खोटी सोडायची, का दोन्ही सारख्याच? दहाच लिहायच्या होत्या. गोण्या मी खोडल्या, परत लिहिल्या, परत खोडल्या.

मग चार नंबर. आईची प्रेस म्हणून मी जरा जास्तच निरखून बगितलं. आई तिकडं पाण्याच्या टाकीपाशी बायांमध्ये बसली होती, माझ्याकडं बगून हसली नाय, तिला नियम माहीत. प्रेसवर नवमीचा झेंडू अजून लोंबत होता. आणि बाजूच्या पॅनेलच्या पेटीत एक किल्ली. आडवी फिरवलेली. आत तशीच राहिलेली.

सुट्टीच्या आधीच मॅडमनी सांगितलं होतं, ती किल्ली आडवी केली की डोळा झोपतो. मशीन दुरुस्त करतानाच फिरवायची, आणि काम झालं की सरळ करून काढून न्यायची. पॅनेलमध्ये किल्ली दिसली म्हंजे धोका. मी बोलले, ही मॅडमची, एकदम मॅडमची. लिवायचा मला मुळात कंटाळा, त्यात वेळ संपत आलेला. 'प्रेस ४' एवढंच लिहिलं आणि पुढं पळाले.

मला काय माहीत एवढंच लिहिण्यानं काय होतं.

अकराला वरच्या खोलीत सगळे. चहा आला. मॅडम खाली जाऊन आपल्या सगळ्या चुका काढून, पुसून, जागेवर ठेवून आल्या आणि कागद तपासायला बसल्या. मग उठल्या.

"एकाच मुलीला दहापैकी दहा. ऋतिका."

आवडीनं मला असली कोपरखळी मारली की चहा सांडला. "बघ! तरी मी बोलत होते, हिच्या मागं फिरू द्या."

मला खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं. शाळेत दहापैकी दहा मला प्रार्थनेच्या रांगेतबी कुणी दिले नव्हते. मॅडमनी पडद्यावर एकेक चुकीचा फोटो लावायला सुरुवात केली. सिलिंडर. शिडी. उघडी वायर. गोण्या त्यांच्या नव्हत्याच, गोण्या तिथं कायमच्या असतात. पंखाबी त्यांचा नव्हता. सहावा फोटो आला.

"हे सगळ्यांत अवघड होतं," मॅडम बोलल्या. "फक्त ऋतिकानं पकडलं. चार नंबर प्रेसखाली सांडलेलं तेल."

फोटोत फरशीवर तेलाचं थारोळं, पेडलच्या मागं, सावलीत.

मी बगत बसले. तेल? मी तेल बगितलंच नव्हतं. मी किल्ली बगितली होती. मॅडमनी 'प्रेस ४' वाचून बरोबरची खूण केली होती. मग किल्लीचा फोटो पुढं असंल. सातवा आला, आठवा, नववा, दहावा. किल्ली नाय. मग ती किल्ली कुणाची? मॅडमची नाय तर कंपनीची. कंपनीची म्हंजे गोण्यांसारखी, पंख्यासारखी, कायमची? पण कायमची कशी असंल, मग डोळा कायमचा झोपलेला? का मी चुकीची किल्ली बगितली? का नव्हतीच किल्ली? मघाशीच बगितलेली गोष्ट हाय का नाय तेच मला कळंना. आणि गप्प बसले असते तर दहापैकी दहा माझे होते, हेबी डोक्यात आलं. खरं सांगते, आलं.

"मॅडम," मी बोलले. "मी तेल नाय बगितलं."

सगळे हसले. आवडी कुजबुजली, "गप बस ना येडे."

"मग प्रेस चार का लिहिलंस?"

"तिथं किल्ली होती. पॅनेलमध्ये. आडवी."

मॅडमचा हात तसाच राहिला. "कुठली किल्ली?"

"तुमचीच ना?"

"मी किल्ली..." त्या थांबल्या. परत पहिल्यापासनं फोटो मागं नेऊन बगायला लागल्या, पुटपुटत. "मागच्या बॅचला ठेवली होती किल्ली. दोन नंबरला. या वेळी... नाही ठेवली. नाही ना ठेवली? दहाच आहेत. एक, दोन..."

त्या बोटावर मोजत होत्या आणि खालनं आवाज आला. धाड. मग दुसरा. मग आमच्या पायाखालची फरशी रोजच्यासारखी हलायला लागली. प्रेस चालू झाल्या होत्या.

मी थांबले नाय. जिना कसा उतरले ते आठवत नाय. शेडमध्ये पिवळ्या पट्ट्याच्या आत नव्यांनी जायचं नसतं. पट्ट्यापाशी राजेशदादा, आमचा सुपरवायझर, हात आडवा करून उभा.

"ए! कुठं घुसतेस? खेळ संपला तुमचा."

"चार नंबर बंद करा. डोळा झोपलाय."

"काय झोपलाय?"

"किल्ली आडवी हाय त्याची!"

"ती मॅडमची हाय," राजेशदादा एकदम आरामात बोलला. "मी बगितली सकाळीच. ट्रेनिंगसाठी ठेवली त्यांनी."

"त्यांनी नाय ठेवली!"

"मग कुणी, मी ठेवली? चल, वर जा."

"तुमचे हात आत घाला की मग, तुमी जावा!" असं ओरडले आणि त्याच्या हाताखालनं वाकून आत.

आई ठेवत होती, दाबत होती, काढत होती. कानात बुचं. मी "आये! आये!" करून घसा फाडला, तिला ऐकू जाईना. दंड धरून ओढायचा तर हात आत असताना ओढला आणि तिचा पाय पेडलवर पडला तर? मी तशीच उभी, एक हात पुढं एक मागं. मग तिनं माल काढला, पेटीत टाकला, तेवढ्यात मला बगितलं आणि एका कानातलं बुच काढलं.

"काय गं? पास झालीस का?"

"आये, पाय काढ पेडलवरनं. डोळा बंद हाय."

"बंद कसा असंल? सकाळपासनं दोन पेट्या काढल्या मी."

"किल्ली बग!"

तिनं मान वळवून किल्लीकडं बगितलं. "ती मॅडमची असंल. आज हात लावायचा नाय कशाला."

"तुझ्या मॅडमची..." शिवी तोंडात आली होती, गिळली. खाली खोक्याच्या पॅकिंगची लाकडी पट्टी पडली होती, मनगटाएवढी जाड. ती उचलली, आईला खांद्यानं बाजूला केलं, पट्टी जबड्यात धरली आणि पेडलवर पाय मारला.

डोळा जागा असता तर काय झालं नसतं.

डाय खाली आला. पट्टीचं पुढचं टोक उडालं आणि राजेशदादाच्या बुटापाशी जाऊन पडलं. उरलेलं लाकूड माझ्या हातात.

आईनं पहिलं काय केलं असंल? मला पाठीत धपाटा घातला. जोरात.

"हात गेला असता ना रांडे तुझा! असं करतात व्हय?"

"माझा? माझा?" मी ओरडले. "आणि तुझा? दोन पेट्या!"

तेव्हा तिला पोचलं. तिनं हळूच दोन्ही हात छातीशी घेतले, एकात एक धरून, जसं कुणी काढून नेणार हाय.

प्रेस बंद केली. मॅडम धावत आल्या, त्यांचे केस पहिल्यांदा विस्कटलेले बगितले. मग सगळे एकदम बोलायला लागले. राजेशदादा मॅडमना बोलला, तुमी ठेवली असं मला वाटलं. मॅडम बोलल्या, मला विचारायचं तरी. राजेशदादा बोलला, तुमीच तर सांगितलं इचारायचं नाय, हात लावायचा नाय. मग गर्दीतनं नामाकाका पुढं आला. नामाकाका मेंटेनन्सला हाय, म्हातारा माणूस, गळ्यात माळ.

"किल्ली मी फिरवली," तो बोलला.

"का?" मॅडम.

"सकाळी प्रेस चालतच नव्हती. डोळ्याला वाटायचं मध्ये हात हाय. बगितलं तर खांबाला कुंकू. वरपासनं ओढलेलं, चांगलं ओलं करून, वर हळद."

"मग पुसायचं ना, काका."

"पूजेचं कुंकू मी कसं पुसू मॅडम? ज्यानं लावलं त्यानं पूजा उठवून काढायचं. म्हटलं तेवढ्यापुरती किल्ली फिरवू, राजेशला सांगू, बाया काढतील. तोवर तुमी आलात आणि बोललात आज शेडमधलं कायबी हलवायचं नाय. मग म्हटलं राहू दे, दुपारी बगू." तो खाली बगायला लागला. "मग दुसऱ्या लाईनीची मोटर बंद पडली आणि माझ्या ध्यानातनं गेलं."

"कुंकू कुणी लावलं?" राजेशदादानं आवाज चढवला. त्याला कुणीतरी पाहिजेच होतं.

"मी," आई बोलली.

सगळे तिच्याकडं वळले.

"डोळ्यात नाय लावलं," आई मॅडमना बोलली, समजावून सांगितल्यासारखं. "मला कळतं. डोळ्यात कोण कुंकू घालंल? त्याच्या वर, कपाळाला लावलं. बाकीच्या बाया मशीनीला लावतात, पत्र्याला. मी त्याला लावते. हात त्यानं राखलेत माझे, मशीननं नाय. दरसाली एक टिकली लावते. यंदा म्हटलं पोरगी कामाला येतेय, तर मळवट भरू."

मॅडम खांबापाशी गेल्या आणि वरपासनं खालपर्यंत बोट फिरवलं, न टेकवता.

"इंदूबाई, याला कपाळ नाही. हा सगळाच डोळा आहे. वरपासून खालपर्यंत."

"सगळा?"

"सगळा."

आई बगत राहिली. माझा राग अजून तसाच होता, पण तो कुणावर काढायचा तेच सापडंना. नेहमी मला पहिलं ते सापडतं. राजेशदादावर काढावा, तर त्यानं मॅडमचं ऐकलं होतं. मॅडमवर, तर त्या आमाला शिकवत होत्या. नामाकाकानं कुंकवाचा मान राखला. आई डोळ्याच्या पाया पडली. आणि मी किल्ली बगून दोन शब्द जादा लिहिले असते तर शेड चालू व्हायच्या आधीच कुणीतरी खाली गेलं असतं. एकेकाचं धरलं तर बरोबर वाटायचं, आणि सगळं मिळून त्या लाकडाचं उडालेलं टोक.

मी तिथला एक कळकट बोळा उचलला, पुसायला. आईनं माझं मनगट धरलं.

"त्यानं नको. आणि तू नको."

तिनं हातरुमाल काढला, प्यायच्या बाटलीतलं पाणी त्यावर घेतलं, आधी खांबाला हात लावून छातीला लावला, आणि पुसलं. सावकाश. लहान पोराचं तोंड पुसतात तसं, कोपरे-बिपरे धरून. लाल पाणी खाली ओघळलं तेबी पुसलं. रुमालाची घडी करून परत कमरेला खोचला. झेंडू तिनं काढला नाय, तो वर होता, त्याचं कुणाला काय नव्हतं. मॅडमनी तरी दोनदा वर बगितलं.

नामाकाकानं किल्ली सरळ केली, काढली, मॅडमच्या हातात दिली. मी तुटकी पट्टी परत जबड्यात धरली. आईनं पेडल दाबलं. काय नाय. परत दाबलं. काय नाय. मी पट्टी बाहेर घेतली, तिनं दाबलं, धाड. परत आत. काय नाय.

"झालं ना?" राजेशदादा बोलला. पण हळू. "घ्या मग इंदूबाई. माल थांबलाय."

आईनं पत्र्याची पट्टी घेतली. हात नेला पुढं. जबड्यापर्यंत गेला आणि थांबला. सहा वर्षं न बगता आत जाणारा हात, तो जाईचना. तिनं परत नेला. परत थांबला. ती आपल्याच हाताकडं अशी बगत होती, जसं तो शेजारणीचा हाय आणि ऐकत नाय.

"आई, राहू दे आज," मी बोलले.

"गप." मग माझ्याकडं वळली. "तुला दिसतं ना गं सगळं? मॅडम बोलतात. तू बग. बरोबर हाय का सगळं आता?"

मी बगितलं. पॅनेल बगितलं, किल्लीची जागा मोकळी. दिवा हिरवा. खांब, दोन्ही, वरपासनं खालपर्यंत. पेडल. पेडलच्या मागं वाकून बगितलं, तेल नाय. वायर. नटबोल्ट. मला काय वाकडं दिसंना. पण मघाशी तेलबी दिसलं नव्हतंच की. आणि कुंकू, ते तर एवढं लालभडक, समोर, मी दोन हातांवरनं बगितलं असंल आणि पूजा म्हणून सोडून दिलं असंल. आता काय दिसत नाय म्हंजे काय नाय, का मला दिसत नाय? हे कसं कळतं? मॅडमकडं बगितलं, तर त्या माझ्याकडंच बगत होत्या, मी काय बोलते म्हणून. नामाकाकाबी. राजेशदादाबी, घड्याळ बगायचं सोडून.

आई पत्रा धरून उभी होती.

"थांब," मी बोलले. "परत एकदा बगते."

आणि पॅनेलपासनं परत सुरू केलं.